चाक पुसायचं, फिरवायचं नाही

माझा नॅपकीन त्यानं हातानं उचलला नाही. कडुनिंबाला टेकवून ठेवलेला माझा खराटा त्यानं जवळ ओढला, त्यातली एक हीर उपसून काढली, तिच्या टोकावर नॅपकीन उचलला आणि माझ्याच कचऱ्याच्या गाडीत नेऊन टाकला. मग ती हीरपण टाकली. सकाळचे पावणेआठ वाजले होते. गार्डनमध्ये तीस-चाळीस माणसं होती. मी दहा पावलांवर पाल्याची पाटी घेऊन उभी होते.

"हे फडकं कुणाचं?" त्यानं विचारलं.

नॅपकीन नाही म्हणाला. फडकं.

मी म्हटलं, "माझं."

"पुसून झालं की फडकं घेऊन जायचं. मशीनवर बांधायचं नाही. कळलं?"

मला सांगायचं होतं की ते फडकं नाही. नवाकोरा नॅपकीन आहे, पिवळ्या काठाचा, माझ्या पोरीनं आणलाय, आदल्या दिवशी धुऊन वाळवलाय. आणि तो पुसायला नाही, नंबरला बांधलाय, तुम्ही सगळे बांधता तसा. हे सगळं जिभेवर होतं. तोंडातून निघालं काय तर, "बरं साहेब."

त्या 'बरं साहेब'ची मला आजपण लाज वाटते. नॅपकीन टाकला त्याची एवढी नाही वाटत.

मी खारघरच्या एका सेक्टरच्या गार्डनमध्ये झाडायला होते. ठेकेदाराकडं. खाकी कोट, पाठीवर ठेकेदाराचं नाव, गळ्यात फोटोचं कार्ड. राहते कामोठ्याला, एका खोलीत, मी आणि माझी पोरगी. नवरा वारला त्याला बरीच वर्षं झाली. आमचं मूळ गाव परभणीकडं. पोरगी कॉलेजला शिकते आणि संध्याकाळी एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरला बसते. घर माझ्या हातावर चालतं. हातावर म्हणजे खरोखर हातावर, उजव्या. खराटा उजव्या हातानं चालतो.

गार्डनमध्ये व्यायामाची मशीनं बसवली तेव्हा मी तिथंच होते. खड्डे खणले, सिमेंट ओतलं, निळी-पिवळी लोखंडी मशीनं उभी केली. पायानं चालवायची सायकल, उभं राहून झोके घ्यायचं एक, कंबर फिरवायची गोल थाळी, आणि खांद्याच्या उंचीवर एक मोठं चाक, मुठीत धरायला दांडा असलेलं. बाजूला बोर्ड लावला. 'नागरिकांसाठी मोफत खुली व्यायामशाळा.' मी सातवी शिकले आहे. वाचता येतं. तो बोर्ड रोज मीच पुसायची. मशीनंपण मीच पुसायची. पावसाळ्यात गंजू नये म्हणून सांध्यांना तेलही मीच सोडायची, ते काम खरं तर माझं नव्हतं.

सकाळी सहापासून साडेआठपर्यंत तिथं मॉर्निंग ग्रुप असतो. रिटायर झालेली माणसं, त्यांच्या बायका, काही नोकरीवाले. एका रंगाचे टी-शर्ट शिवून घेतलेत. ग्रुपचा पुढारी म्हणजे हा साहेब. कुठल्याशा सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेला. ग्रुपमधल्या एक मॅडम माझ्याशी बोलायच्या. दिवाळीला फराळ द्यायच्या, पोरीचं विचारायच्या. त्यांचंही पुढं येईल.

या ग्रुपचा एक कायदा होता. मशीन कमी, माणसं जास्त. म्हणून आल्या आल्या आपला नॅपकीन मशीनच्या दांड्याला बांधायचा आणि चालायला निघायचं. नॅपकीन बांधला म्हणजे नंबर लागला. मग तो माणूस तीन राउंड मारून येऊ दे, हसण्याचा क्लब करून येऊ दे, त्याच्या मशीनला कुणी हात लावायचं नाही. बाहेरच्या सेक्टरमधून आलेली माणसंही हे पाळायची. पुसताना मी ते नॅपकीन सोडायची आणि पुसून झालं की होते तसे परत बांधायची. घामानं चिंब असायचे. कुणाचा कुठला, मला सगळं पाठ झालं होतं. साहेबाचा पांढरा, त्याची गाठ दुहेरी. मी दुहेरी मारायची. साडेतीन वर्षं त्यांच्या घामाचे नॅपकीन मी उघड्या हातानं सोडले आणि बांधले, आणि कुणाला काही वाटलं नाही.

मग माझा खांदा धरला. आधी नुसतं दुखायचं. वाटलं काम जास्त झालं असेल, बाम लावला. मग हात वर जाईना. अंबाडा घालता येईना. ब्लाउजचे हूक लागेनात. खराटा मारताना कळ अशी निघायची की डोळ्यांपुढं अंधारी यायची. डाव्या हातानं झाडायला लागले तर काम निम्मंही होईना. मुकादम म्हणाला, अक्का, हात बरा कर, नाहीतर ठेकेदार दुसरी बाई बघेल. मुकादम लातूरकडचा, वाईट माणूस नाही. जे होणार ते त्यानं सांगितलं.

सरकारी दवाखान्यात गेले. तिथं व्यायामाच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं हात उचलून बघितला, मी ओरडले. म्हणाली, मावशी, खांदा जखडलाय. गोळीनं नाही सुटणार, फिरवूनच सुटेल. भिंतीवर एक चाक होतं, त्यावर माझा हात ठेवून तिनं फिरवून दाखवला. वीस सुलट, वीस उलट. रोज दोनदा. रोज इथं कशा येणार तुम्ही, तुमच्या घराजवळ गार्डन असेल ना, तिथं असंच चाक असतं, फुकट असतं. आणि आत्ताच केलंत तर सुटेल, सहा महिन्यांनी केलंत तर मी काही सांगू शकत नाही.

मला हसूच आलं. म्हटलं, मॅडम, ते चाक मी रोज पुसते.

दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. पण कधी करायचं? कामोठ्याहून निघून हायवे ओलांडून पोचेपर्यंत सहा वाजायचे. तोपर्यंत ग्रुप आलेला. साडेआठला ग्रुप गेला की मुकादम हजेरीचे फोटो काढायला यायचा. झाडताना, खत टाकताना, पाणी घालताना, प्रत्येकाचा फोटो. अकराला गार्डन बंद. मग मी चाक पुसता पुसता फिरवायची. फडकं दांड्यावर ठेवायचं, बघणाऱ्याला वाटावं पुसतेय, आणि खालून पाच-सहा वेढे घ्यायचे. चोरून. नागरिकांसाठी मोफत असलेलं चाक मी चोरून फिरवत होते. आणि फिरवून झालं की दांडा परत एकदा नीट पुसायची. माझा हात जिथं होता तिथं जास्त पुसायची. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

पाच-सहा वेढ्यांनी काय होतंय. पंधरा दिवसांनी डॉक्टरीण म्हणाली, मावशी, तुम्ही करत नाही आहात. मी म्हटलं, करते हो. म्हणाली, वीस म्हणजे वीस. घरी येऊन पोरीला सांगितलं, तर ती म्हणाली, आई, सगळे नॅपकीन बांधतात ना, मग तूपण बांध. जेवणाच्या सुट्टीसारखी दहा मिनिटांची चहाची सुट्टी असते तुला, त्यात कर. आणि तिनं तो पिवळ्या काठाचा आणला.

माझी चूक इथं झाली. मला वाटलं, कायदा नॅपकीनचा आहे. ज्याचा नॅपकीन, त्याचा नंबर. नॅपकीन कुणाचं आडनाव विचारत नाही. त्या सकाळी सहाला पोचले, चाक मोकळं होतं, मी माझा नॅपकीन बांधला. दुहेरी गाठ मारली. मग कामाला लागले. झाडताना मधेच वळून बघायची. पिवळा काठ दिसायचा. खरं सांगते, मला लई बरं वाटत होतं. पावणेआठला माझी चहाची सुट्टी. पाल्याची पाटी रिकामी करून मी चाकाकडं जाणार होते. तेवढ्यात साहेब आला आणि खराट्याला हात घातला.

त्यानं टाकून झाल्यावर मॅडम माझ्याजवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, वाईट वाटून घेऊ नका. हायजीनचा प्रश्न आहे हो. तुमचा कचऱ्याचा हात असतो ना. तुम्ही दुपारी करत जा, दुपारी कुणी नसतं."

दुपारी गार्डनला कुलूप असतं. एप्रिल चालू होता, दुपारी त्या लोखंडाला हात लावला तर कातडी सोलून निघेल. हे मॅडमना माहीत नव्हतं असं नाही. त्यांना ते आठवलं नाही, एवढंच. साहेबाचा मला राग आला. मॅडमच्या बोलण्यानं मात्र मी आतून खचले, कारण त्या खरंच प्रेमानं बोलत होत्या.

नॅपकीन गाडीतून काढायला मी वाकले तर उजवा हात पोचेना. डाव्यानं काढला. भिजल्या पाल्यात आणि कुत्र्याच्या घाणीत पडला होता. तिथंच नळाला धुतला, कमरेला खोचला आणि झाडायला लागले. दुसरं काय करणार होते?

तेवढ्यावर संपलं नाही. दोन दिवसांनी मुकादमानं मोबाईल माझ्यापुढं धरला. मी चोरून चाक फिरवतानाचा फोटो. कधी काढला होता कुणास ठाऊक. खाली लिहिलेलं, कर्मचारी कामाच्या वेळेत व्यायाम करतात, साफसफाई होत नाही, दखल घ्यावी. साफसफाई होत नाही! त्यांच्या घामाचे थेंब टिपणारी मी. ठेकेदारापर्यंत गेलं होतं. मुकादम म्हणाला, अक्का, लिहून दे, मी मिटवतो. कागद-पेन त्यानंच आणलं होतं. तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले. कामावर असताना व्यायामाचे साहित्य वापरले. माझी चूक झाली. इथून पुढे साहित्याला हात लावणार नाही.

शेवटच्या ओळीला माझं पेन थांबलं. मी विचारलं, "हात लावायचा नाही, तर पुसू कशी?"

मुकादमानं इकडं तिकडं बघितलं. म्हणाला, "पुसायला लाव की, अक्का. फिरवायचं नाही."

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच तेच म्हणायचं होतं. मी सही केली. सातवीत बाईंनी माझं अक्षर वर्गाला दाखवलं होतं, त्याच अक्षरात सही केली. काम गेलं असतं तर पोरीचं कॉलेज गेलं असतं. मी शूर वगैरे नाही, आणि त्या दिवशी तर अजिबातच नव्हते.

मग दोन महिने मी चाक नुसतं पुसलं. घरी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम करायची, डॉक्टरणीनं दाखवलेला, पण दिवसभर झाडून आल्यावर हात भिंतीला लावला की रडू यायचं. दुखण्यानं यायचं की कशानं, ते मला सांगता येणार नाही. पाऊस लागला, पाला चिकट झाला, खराटा जड झाला. हात खांद्याच्याही खाली आला. आता केस पोरगी विंचरायची. सतरा-अठरा वर्षं मी तिचे विंचरले, आता ती माझे विंचरते, आणि मी लहान पोरीसारखी पुढं बसते. एके दिवशी विंचरता विंचरता ती म्हणाली, "रविवारी तुला सुट्टी असते ना? मग रविवारी तू पब्लिक."

मी म्हटलं, गप बस, लिहून दिलंय मी. ती म्हणाली, कामावर असताना, असं लिहून दिलंयस. मी वाचलंय. वाद घालण्यात ती पहिल्यापासून पटाईत.

दोन रविवार मी निघाले आणि हायवेपाशी जाऊन परत फिरले. हे पण सांगायला पाहिजे. तिसऱ्या रविवारी गेले. विहारात जायची पांढरी साडी नेसले, कारण तीच एक चांगली होती. कोट नाही, कार्ड नाही. नॅपकीनही मुद्दाम नेला नाही. गेटवरच्या वॉचमननं आधी ओळखलंच नाही. आत ग्रुप होता, साहेब सायकलवर बसला होता, आणि चाकाला त्याचाच पांढरा नॅपकीन होता. दोन मशीनं एकट्यानं धरलेली.

चाकासमोर मी बराच वेळ उभी राहिले. मग गाठ सोडली. हातानंच सोडली. नॅपकीनची नीट घडी घातली आणि बाजूच्या बाकावर ठेवली. दांडा धरला. पहिल्या वेढ्याला हात अर्ध्यात अडकला, डाव्या हातानं ढकलला. एक. दोन. कळ मानेत गेली. सातव्याला साहेब उठून आला.

"लेखी दिलंयस तू," तो म्हणाला.

मी म्हटलं, "कामावरच्या बाईनं दिलंय. आज सुट्टी आहे." आवाज फाटला माझा, पण म्हटलं.

त्यानं मोबाईल काढून माझ्यावर धरला. ग्रुपमधली चार-पाच माणसं येऊन उभी राहिली. माझ्या बाजूनं एकही नाही. मॅडम खाली बघत पर्समधून सॅनिटायझरची बाटली काढत होत्या. म्हणजे मी सोडलं की लगेच मारायला. मी तोंडातल्या तोंडात मोजत राहिले. वीस सुलट झाले. उलटे सुरू केले. उलट्याला जास्त दुखतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते सगळं त्या मोबाईलमध्ये जात होतं. वीस झाले.

आणि मग माझा डावा हात आपोआप कमरेला गेला. फडकं काढायला.

कुणी सांगितलं नव्हतं. साहेब बोलला नव्हता, मॅडम बोलल्या नव्हत्या. माझा हात आपला आपणच गेला. कमरेला फडकं नव्हतं म्हणून मी पदर धरला. पांढऱ्या साडीचा पदर हातात घेऊन मी चाकाचा दांडा पुसायला निघाले होते.

गावात हापसा होता. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीनं आधी तो धरायचा नाही, नंतर धरायला मिळाला, कारण वर ऑफिसात कुणीतरी तक्रार केली होती. मिळाला खरा. पण माझी आई पाणी भरून झालं की चिमूटभर राख घेऊन दांडा घासायची, वर तांब्याभर पाणी ओतायची, आणि मग घागर उचलायची. मी विचारलं होतं, का गं घासतेस? ती म्हणाली, आपल्यामागं दुसऱ्या बायका येतात ना. कुणी बोलायच्या आत पुसलेलं बरं. मला ते तेव्हा शहाणपण वाटलं होतं. आई वारली तेव्हाही तिच्या बोटांच्या चिरांत राख होती असं मला उगीच वाटत राहिलं.

त्या गार्डनमध्ये, पदर हातात धरून, मला आईचा राग आला आणि तेवढीच माया आली. आईला पुसायला लावणारे कोण होते ते मला पाठ होतं. पण मला कुणी लावलं होतं? चोरून फिरवलेलं चाक मी स्वतःहून पुसत होते आणि त्याला स्वच्छता म्हणत होते.

मी पदर सोडला. पुसलं नाही. तशीच चालत गेटबाहेर आले. मागं बाटलीचा फुसफुस आवाज आला.

कुणाला वाटेल की पुढं सगळं बरं झालं. नाही झालं. सोमवारी मुकादमाचा फोन, अक्का, उद्यापासून हायवेच्या डिव्हायडरवर. आता मी तिथं झाडांना पाणी घालते आणि रस्त्याचा कचरा उचलते. दोन्ही बाजूंनी गाड्या, धुरळा, सावली नाही, पाण्याचा नळ लांब, संडासला जायचं तर कुणाच्या तरी पाया पडायचं. तक्रार कुणाकडं करायची? कागदावर बदली आहे, शिक्षा नाही. डॉक्टरीण म्हणते, मावशी, उशीर केलात, पूर्वीसारखा येईल असं मी सांगत नाही. हात आता कानापर्यंत जातो. अंबाडा अजून घालता येत नाही. केस पोरगीच विंचरते.

चाकाच्या खांबाला आता प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद चिकटवलाय. 'साहित्य वापरल्यानंतर स्वच्छ पुसून ठेवावे. मॉर्निंग ग्रुप.' सायकलला नाही, थाळीला नाही, फक्त चाकाला. तो कागद कुणासाठी आहे ते गार्डनमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. मी येताना दिसले की त्या चाकावर हल्ली तीन-तीन नॅपकीन असतात. मी तिन्ही सोडते, तिन्हींची घडी घालते, बाकावर ठेवते. वीस सुलट, वीस उलट. मॅडम आता माझ्याशी बोलत नाहीत.

मी दर रविवारी जाते. हात कानाच्या वर गेला तरी जाईन, नाही गेला तरी जाईन. पुसायचं काम मी सोमवार ते शनिवार करते, जिथं लावतील तिथं करते. रविवारी माझा हात लागलेला दांडा ज्याला पुसायचा असेल त्यानं स्वतःच्या हातानं पुसावा. मी पुसणार नाही.